न पाहिलेल्या कॉलेजची आठवण

“मॅडम, मला कॉलेजची आठवण येते,” असं म्हणून चार्वी रडायला लागली.

तिचे वडील, सुकुमार मगदूम, ओशाळून छताच्या पंख्याकडे बघत बसले. आईनं, सुजातावहिनींनी, पर्समधून रुमाल काढून दिला, तोही इतक्या सवयीनं की आठवडाभर घरात हेच चाललेलं असणार. सुमेधानं समोरच्या संगणकाच्या पडद्यावरचं नाव पुन्हा एकदा वाचलं. चार्वी सुकुमार मगदूम, कुपवाड, बारावी शास्त्र. ज्या कॉलेजच्या आठवणीनं ही मुलगी हुंदके देत होती, तिथं तिनं अजून पाऊलही ठेवलेलं नव्हतं. ते देवगडच्या पलीकडे समुद्रकाठी होतं, आणि मगदुमांच्या घरातलं कुणीच कधी तिकडे गेलेलं नव्हतं.

‘कशाची आठवण येते नेमकी?’ असं विचारायला सुमेधानं तोंड उघडलं आणि मिटलं. हा प्रश्न विचारायचा नाही, असा अप्पांचा नियम होता.

अप्पा म्हणजे तिचे वडील, बाहुबली आरवाडे. सांगलीत विश्रामबागेतल्या एका मेडिकलच्या वर त्यांचं प्रवेश मार्गदर्शनाचं ऑफिस, आणि त्याला लागूनच घर. नावाशी शरीराचा काडीचा संबंध नव्हता. पहिल्यांदा येणारे लोक त्यांच्या मागे आणखी कुणी उभं आहे का, ते वाकून बघायचे. ऐन उन्हाळ्यात ते गेले. बारावीच्या मुलांची नावं तोवर नोंदवून झाली होती. सुमेधा पुण्यात एका संशोधन संस्थेच्या ग्रंथालयात काम करायची. दिवसकार्य उरकून ती परत निघाली तेव्हा आई म्हणाली होती, “नाव घेतलेली पोरं आहेत, सुमे. त्यांना आता कुणाच्या दारात पाठवू? एवढा हंगाम काढ, मग जा.”

म्हणून ती राहिली. अप्पांच्या खुर्चीत मात्र ती बसत नसे. बाजूला लाकडी स्टूल ओढून घ्यायची.

“बघा की ताई,” मगदूम म्हणाले, “सांगलीत फूड टेक्नॉलॉजी मिळालीया. घरापासून हाकेच्या अंतरावर. पोरगी मात्र अशी. सर असते तर दोन तासांत वळवली असती.”

“असते तर,” सुजातावहिनी हळूच म्हणाल्या आणि नवऱ्याला कोपरानं ढोसलं.

सर असते तर काय केलं असतं, हे सुमेधाला पक्कं ठाऊक होतं. तेच तर तिला करवत नव्हतं.

*

या सगळ्याच्या मुळाशी झलक होती.

झोपेत मेंदू दिवसभरात घडलेलं पुन्हा एकदा चाळतो, आणि मूळ वेगानं नाही, कितीतरी पट भरभर. तासाभराची पायपीट तो काही क्षणांत उलगडून मिटतो. प्रयोगशाळेतल्या उंदरांवरून हे फार पूर्वीच कळलेलं होतं. नवं कळलं ते इतकंच, की हे चाळणं चालू असताना बाहेरून त्यात पानं सरकवता येतात. डोक्यावर तारांच्या जाळीची हलकी टोपी घालून दुपारची डुलकी घ्यायची. टोपी मेंदूची लय ओळखते आणि नेमक्या क्षणी एखादा वास, एखादा आवाज, दृश्याचा एखादा तुकडा आत सोडते. तासाची घंटा. वसतिगृहाच्या जिन्यातला ओल्या कपड्यांचा वास. प्रयोगशाळेतल्या यंत्राची घरघर. भिंतीत खुंट्या ठोकाव्यात तसं हे काम. त्यांच्यावर अडकवायचे कपडे मेंदू आपल्याच कपाटातून काढतो. मुलगा जागा होतो तेव्हा त्याला त्या कॉलेजातलं अख्खं एक वर्ष आठवत असतं. मित्र, भांडणं, मेसमधली पातळ आमटी, नापास झालेला एक पेपर, सगळं.

हेतू चांगला होता. आंधळेपणानं शाखा निवडू नये, आधी चाखून बघावी. गावोगावी झलक केंद्रं निघाली. मुलं तीन-तीन, चार-चार कॉलेजांची वर्षं जगून पसंतीक्रम भरायला लागली. आणि मग जे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं ते झालं. पूर्वी न मिळालेल्या कॉलेजचं मुलांना वाईट वाटायचं. आता ती मुलं तिथून परत आलेली असायची. मैत्रीण तिकडे राहिली, खिडकीजवळचा पलंग तिकडे राहिला, म्हणून ती खरोखरीची झुरायची. नकोशा वाटणाऱ्या कॉलेजात जाऊन बसण्यापेक्षा पुढच्या फेरीची वाट बघायची. वर्गच्या वर्ग ओस पडायला लागले. शेवटी यंदापासून नियम बदलला. पहिल्या फेरीत मिळालेली जागा हातात ठेवून दुसरीकडे डोळा ठेवायची सोय गेली. मुदतीच्या आत जागा घ्यायची, नाहीतर सोडायची. घेतली की पक्की. सोडली की दुसऱ्याची.

चार्वीची मुदत उद्या संध्याकाळी पाचला संपत होती. सांगलीची जागा घेतली, तर समुद्राचा विषय कायमचा संपला. सोडली, तर दुसऱ्या फेरीत देवगडला जागा सुटण्याची वाट बघायची. ती सुटलीच नाही तर वर्ष वाया.

झलकेचा एक गुण मात्र सगळ्यांना माहीत होता. ती स्वप्नासारखी विरते. महिना-दोन महिन्यांत पुसट होते, मग नाहीशी. फक्त ती कुणाला सांगायची नाही. कारण आठवण म्हणजे कपाटात पडून राहणारी वस्तू नव्हे. ती बाहेर काढली की मळलेल्या कणकेसारखी मऊ होते, आणि परत ठेवताना नव्यानं घट्ट होते. जे सांगितलं ते टिकतं. जे कुणी विचारलं नाही ते जातं. खऱ्या आठवणींनाही हाच नियम, पण झलक कोवळी असते, तिला तो लवकर लागतो.

शास्त्रज्ञांनी हे शोधून काढायच्या कितीतरी आधी अप्पांना ते ठाऊक होतं. कारण मुळात अप्पांचा धंदा प्रवेशाचा नव्हताच. ते लग्नं जमवायचे.

त्यांचं वधूवर सूचक केंद्र होतं, ह्याच जागेत. मिरज, जयसिंगपूर, निपाणीपर्यंतची स्थळं यायची. पुढे लोक मोबाइलवर जोडीदार शोधायला लागले आणि केंद्रात शुकशुकाट झाला. पण त्यांनी जमवलेल्या जोडप्यांची मुलं एव्हाना बारावीत पोचली होती. आईबाप आपणहून त्यांना अप्पांकडे घेऊन आले. “सर, तुम्ही आमचं बघितलं, आता ह्याचं बघा.” अप्पांनी बघितलं. त्यांच्या लेखी काम एकच होतं. ते कॉलेज दाखवायला न्यायचे ते मुलगी दाखवायला न्यावं तसे, इस्त्रीचा सदरा घालून, आणि परतताना “घराणं बरंय, पण पाण्याची टंचाई दिसते” असा शेराही मारायचे.

लग्नाच्या धंद्यातला त्यांचा एक रिवाज होता. होकार आला, की त्याच दिवशी बाकीच्या सगळ्या स्थळांचे फोटो परत करायचे. एकही घरात ठेवायचा नाही, कुणी त्याचा विषयही काढायचा नाही. आणि साखरपुडा होईपर्यंत मुलीजवळ बसून फक्त ठरलेल्या मुलाबद्दल विचारायचं. काय बोलला, कसा हसला, चहा बशीत ओतून प्याला की कपातून. सांगता सांगता मुलगी त्या मुलात गुंतायची.

झलक आल्यावर अप्पांनी तोच रिवाज इकडे आणला. जागा मिळाली, की मुलाला समोर बसवायचं आणि फक्त मिळालेल्या कॉलेजची झलक सांगायला लावायची. पुन्हा पुन्हा, बारकाव्यांसकट. बाकीच्यांविषयी चकार शब्द नाही. दोन तासांनी मुलगा जिना उतरायचा तो त्या कॉलेजच्या प्रेमात पडून. अप्पांचं एकही पोर वर्षाच्या मध्यात पळून घरी आलं नाही, अशी ख्याती होती.

“आमचं लगीनबी सरांनीच जमवलेलं,” मगदूम अभिमानानं म्हणाले.

“होय तर,” सुजातावहिनी म्हणाल्या. “मला आधी मिरजेचा बँकेतला मुलगा सांगून आलेला. सरांनी फोटो परत केला. आता चेहरासुद्धा आठवत नाही बघा.”

“बरंच की.”

“शर्ट आठवतोय तेवढा. आकाशी होता.”

मगदूम बायकोकडे बघत राहिले. चार्वीला रडता रडता हसू फुटलं.

“उद्या सकाळी या,” सुमेधा म्हणाली. “मला जरा विचार करू दे.”

*

आरवाड्यांकडे सूर्यास्ताच्या आत जेवणं होत. हंगामात ऑफिसात जो कुणी बसलेला असेल त्याचंही ताट वाढलं जाई, मग तो कुठल्या का जातीधर्माचा असेना. त्या संध्याकाळी ताटावर बसायच्या वेळी बुधगावचे एक निवृत्त शिक्षक आले. त्यांना आजच कळलं होतं.

“जय जिनेंद्र वहिनी,” ते दारातच म्हणाले. डोळे भरलेले. मग खुर्चीवर टेकून सुमेधाला म्हणाले, “पोरी, नेमकं झालं तरी काय?”

सुमेधानं सांगितलं. दुपारी छातीत जड वाटतंय म्हणाले. रिक्षा बोलावली. जिना स्वतःच्या पायांनी उतरले. दवाखान्यातली लिफ्ट बंद होती, तिथं थांबावं लागलं. हिरवी चादर. डॉक्टर बाहेर आले ते हातमोजे काढत काढत. सांगताना तिच्या लक्षात आलं, की वाक्यं आता आपोआप येतात. कुठं थांबायचं, कुठं आवाज खाली आणायचा, कुठल्या वाक्याला समोरचा “अरेरे” म्हणणार, सगळं बसून गेलेलं. भेटायला येणारा प्रत्येक जण हेच विचारायचा, तशी रीतच आहे, आणि ती प्रत्येकाला हेच सांगायची.

शिक्षक जेवूनच गेले. सुमेधा भाकरीचा तुकडा हातात धरून बसली होती. अप्पा भाकरी कशी मोडायचे ते आठवावं म्हणून तिनं प्रयत्न केला. हिरवी चादर आठवली. अप्पा फोनवर कसे हसायचे? लिफ्टचा लाल दिवा आठवला. तिला एकदम भीती वाटली. जो नियम ती रोज मुलांच्या आईबापांना समजावून सांगत होती, तो तिनं स्वतःला लावून बघितलाच नव्हता. आयुष्यभराचे अप्पा कुणी विचारले नव्हते म्हणून पुसट होत होते, आणि एक दुपार दगडासारखी घट्ट होऊन बसली होती.

“आई, चार्वीचं अप्पांनी काय केलं असतं?”

“काय करणार? फोटो परत.” आई आमटी वाढत म्हणाली. “तुझेही केले होते.”

“माझे?”

“तुला नव्हतं का ते दिल्लीला जायचं, खोदकामाचं शिकायला? जुनी गावं वगैरे. थोडक्यात हुकलं आणि पुण्याला ग्रंथालयशास्त्राला गेलीस. रोज संध्याकाळी फोन करायचे की तुला. आज काय झालं, कुठलं पुस्तक आलं, कोण काय म्हणालं.”

“मला वाटायचं त्यांना आवड आहे त्याची.”

“आवड!” आईला हसू आवरेना. “दोन वाक्यं झाली की डोळे मिटायचे. फोन कानाला तसाच. मी काढून घ्यायला गेले की जागे होऊन म्हणायचे, हां, मग पुढं? पण कधी चुकवला नाही.”

सुमेधालाही हसू आलं. मग दिल्लीचं ते कॉलेज आठवायचा तिनं प्रयत्न केला. काय शिकायचं होतं तिथं, कशासाठी इतकी धडपड केली होती? फक्त एक नाव उरलं होतं. एखाद्याचं आडनाव आठवावं आणि चेहरा आठवू नये, तसं.

“म्हणजे मला जे आवडतं ते माझं आहे की अप्पांनी आवडायला लावलेलं?”

“आवडतंय ना?”

“खूप.”

“मग? भाजी कुणी आणली ते कसलं विचारत बसतेस? जेव. दिवस मावळतोय.”

सुमेधा जेवली. अप्पांवर तिला राग आला नाही. रोज संध्याकाळी झोप आवरत फोन धरून बसणाऱ्या माणसावर कसला राग येणार? फक्त एक गोष्ट मनात राहिली. त्यांनी तिला एकदा विचारायला हवं होतं. हे विसरायचंय का तुला, एवढंच.

*

सकाळी मगदूम कुटुंब वेळेआधीच हजर झालं. चार्वीचे डोळे आज कोरडे होते, म्हणजे जास्तच वाईट.

“बस,” सुमेधा म्हणाली. “तुला आधी दोन गोष्टी सांगते. सांगलीच्या कॉलेजची झलक मला नीट सांगितलीस, सगळी, अगदी हळदीच्या प्रयोगशाळेतल्या वासासकट, तर संध्याकाळपर्यंत तुला ते आवडायला लागेल. हे खरं आवडणं असतं, फसवणूक नसते. माझ्या वडिलांनी कितीतरी मुलांचं असं केलं आणि ती मुलं सुखात आहेत. देवगडचं हळूहळू जाईल. दिवाळीपर्यंत नावही आठवणार नाही.”

“आणि दुसरी?” चार्वीनं विचारलं.

“दुसरी म्हणजे, तू देवगडचं सांगायचं. पण ते सांगितलंस की पक्कं होईल. जागा मिळाली नाही, तरी जाणार नाही. न मिळालेली गोष्ट घेऊन जगावं लागेल. कदाचित कायम.”

मगदूम पुढे सरकले. “ताई, हे तुम्ही उलटंच चालवलंय. सर असं करत न्हवते.”

“नव्हते करत.”

“मग?”

“ते फार प्रेमानं करायचे, काका. पण विचारायचे नाहीत. मी विचारतेय.”

खालच्या मेडिकलचं शटर कुणीतरी वर सरकवलं. चार्वी हाताच्या बोटांकडे बघत होती. सुजातावहिनींनी तिच्या पाठीवर हात ठेवला, आणि परत घेतला.

“देवगडचं सांगते,” चार्वी म्हणाली.

आणि तिनं सांगायला सुरुवात केली. सुरुवातीला अडखळत. समुद्रात सोडायच्या तरंगत्या पेट्या असतात, त्यांच्या पोटात भरतीची, पाण्याच्या उष्णतेची मोजमापं घेणारी यंत्रं असतात. वादळाची आगाऊ खबर त्यांच्यावरूनच मिळते. पहिले दोन महिने तिला होडीत उलट्या झाल्या. बाकीची मुलं चिडवायची, “सांगलीचं पाणी गोडं, हिला खारं सोसत नाही.” मेसमध्ये रोज मासे, ही आपली लोणचं-भात. खोलीतली मुलगी रात्रभर पंखा लावायची. मग एके दिवशी हिनं बनवलेली पेटी बुडाली.

“बुडाली?” मगदूम नकळत म्हणाले.

“आत पाणी गेलं. वायर जिथून आत जाते ना, तिथलं सील मी घाईनं बसवलेलं. तिथले सर ओरडले नाहीत. पेटी उघडून माझ्यापुढं ठेवली. म्हणाले, बघ, पाण्याला रागावून उपयोग नाही. पाणी वाट शोधणारच, ते त्याचं काम. घाई आपण केली.” चार्वीचा आवाज आता मोकळा झाला होता, हात हवेत पेटी उघडत होते. “मग ते स्वतः शेजारी बसले. वायरचं टोक दाताखाली धरून बोलायचे ते, त्यामुळे निम्मं कळायचंच नाही. रबराची कडी आधी तेलात बोटानं फिरवून घ्यायची, अशी, चुलीवरची भाकरी फिरवतात तशी. मग बसवायची आणि एक रात्र थांबायचं. लगेच पाण्यात घालायचं नाही…”

ती थांबली. तिचे वडील विचित्र नजरेनं तिच्याकडे बघत होते.

“ते मी म्हणतो,” मगदूम म्हणाले.

“काय?”

“पाण्यावर रागावून उपयोग न्हाई. ते मी म्हणतो. दुकानात.”

मगदुमांचं कुपवाडला मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं. विहिरीत, बोअरमध्ये सोडायच्या पाणबुडी मोटारी जळल्या की पंचक्रोशीतले लोक त्यांच्याकडे आणायचे. तांब्याची तार गुंडाळायची, सील बसवायचं, पिंपात बुडवून बघायचं, त्यात त्यांचा जन्म गेला होता. त्यांच्या समोरच्या दोन दातांना बारीक खाचा होत्या. सुमेधाचं लक्ष तिकडे आत्ता गेलं.

चार्वीच्या चेहऱ्यावर खरंखुरं आश्चर्य होतं. तिला ते आजवर दिसलंच नव्हतं. “पण ते सर उंच होते, पप्पा. चष्मा होता त्यांना.”

“असू दे चष्मा,” सुजातावहिनी म्हणाल्या. त्यांनी पदर डोळ्याला लावला होता.

यंत्रानं फक्त खुंट्या ठोकल्या होत्या. लाटांचा आवाज, डिझेलचा वास, एखादी बुडालेली पेटी. बाकीचं चार्वीनं घरून नेलं होतं.

मगदुमांनी सुमेधाला विचारलं, आणि प्रश्न अगदी व्यवहाराचा होता. “म्हणजे तिथं गेल्यावर असा सर कुणी भेटणार न्हाई हिला.”

“नाही भेटणार, काका.”

“मग ही कशासाठी निघालीया? जे आवडलं ते तर कुपवाडलाच हाय.”

ह्याचं उत्तर चार्वीनं दिलं.

“काम तेच असणार की, पप्पा. सील सगळीकडं सारखंच बसवतात. तुमचं पाणी बोअरचं, ते समुद्राचं. मला मोठ्या पाण्यात करायचंय.”

ही मुलगी आठवडाभर नुसती रडली होती. जे हवं होतं ते असं एका वाक्यात तिला आधी कधी म्हणता आलं नव्हतं, कारण तिला कुणी बोलूच दिलं नव्हतं.

“आणि न्हाई सुटली जागा तर?” मगदूम म्हणाले. “वर्ष जाईल. ताई म्हणतात, जन्मभर सलत राहील.”

“वर्षभर दुकानात बसेन. तुमची सीलं बसवेन.”

“मोटारी जाळशील माझ्या.”

“तुम्ही शिकवलंय. स्वप्नात.”

मगदूम मोठ्यानं हसले आणि हसता हसता त्यांचा आवाज फाटला. त्यांनी हातानं चेहरा पुसला आणि पडद्याकडे बोट केलं. “दाब. सोडल्याचं बटण दाब. मी हाय इथं तोवर दाब, घरी जाऊन माझं मन बदलंल.”

चार्वीनं आईकडे पाहिलं. वहिनींनी मान हलवली. तिनं बटण दाबलं. सांगलीची जागा पडद्यावरून नाहीशी झाली, आणि तिच्या जागी काहीही आलं नाही. नुसती पांढरी चौकट.

अप्पांच्या ऑफिसात, अप्पांच्या टेबलावर, हातातली जागा सोडणारं हे पहिलंच पोर असणार.

*

ते लगेच उठले नाहीत. आईनं चहा पाठवला. मगदूम बशीत ओतून प्यायले.

“सर असते तर काय म्हणाले असते ओ?” त्यांनी विचारलं.

“चिडले असते.”

“आणि मग?”

“मग…” सुमेधा थांबली. हिरवी चादर आली, तिनं ती बाजूला केली. “मग ते उठून गॅलरीत गेले असते. चिडले की ते गॅलरीत जाऊन तुळशीला पाणी घालायचे. ती आधीच भिजलेली असायची, आई ओरडायची. परत येऊन काहीच झालं नाही अशा चेहऱ्यानं म्हणायचे, बरं, आता दुसऱ्या फेरीचं बघू. आणि पेन्सिल शोधायचे. ती कानावरच असायची.”

“कायम!” सुजातावहिनी म्हणाल्या. “आमच्या बैठकीलासुद्धा कानावर पेन्सिल. माझ्या आजीनं विचारलं, हा सुतार कशाला आणलाय?”

सगळे हसले. आई दाराशी येऊन उभी होती, ती म्हणाली, “लग्नाच्या फोटोतसुद्धा आहे बघ. मुंडावळीखाली. फोटोग्राफरला दिसली नाही.”

सुमेधाला हे माहीत नव्हतं. ती विचारत गेली आणि ते तिघं सांगत गेले. अप्पांनी एका मुलाला नकार कळवायला जाताना त्याच्यासाठी दुसरं स्थळ बरोबर नेलं होतं ते. कॉलेज बघायला गेले असताना तिथल्या शिपायाच्या मुलीचं लग्न जमवून परत आले होते ते. ऐकता ऐकता, अप्पा भाकरीचा पहिला तुकडा मोडून तो ताटाबाहेर ठेवायचे हे तिला आठवलं, आणि तिनं तेही लगेच सांगून टाकलं, मोठ्यानं, पुन्हा निसटू नये म्हणून.

त्या दिवशी आणखी दोघं भेटायला आले. काय झालं म्हणून त्यांनी विचारलं. “हृदयविकार,” एवढंच सुमेधा म्हणाली, आणि मग, “तुमची त्यांची ओळख कशी झाली ते सांगा ना.”

*

दुसऱ्या फेरीची यादी लागायची होती ते दिवस वाईट गेले. सुमेधा दर तासाला संगणक उघडून बघायची. देवगडच्या कॉलेजच्या नावापुढे रिकाम्या जागा शून्य, हाच पहिल्या फेरीचा आकडा. तिला रोज वाटायचं की आपण एका मुलीचं वर्ष घालवलं, कशासाठी, तर आपल्याला कुणी विचारलं नव्हतं म्हणून. एकदा न राहवून तिनं कुपवाडला फोन केला. चार्वी दुकानात होती. मागून ठोकल्याचा आवाज येत होता.

“एक मोटार जाळली मॅडम,” ती म्हणाली. “पप्पा काही बोलले नाहीत. नुसती उघडून पुढ्यात ठेवली.”

यादी लागली त्या दिवशी सकाळपासून ऑफिसात गर्दी होती. समोर एक मुलगा आपल्या वास्तुरचनेच्या झलकेबद्दल बोलावं की नाही, ह्या विचारात बसलेला. तेवढ्यात फोन वाजला.

“ताई,” मगदूम म्हणाले, “मिळाली.”

“काय?”

“मिळाली, देवगड. पोरगी पिंपात हात घालून बसलीया, बाहेरच काढंना. मी म्हटलं आधी ताईंना सांगतो. पुढच्या सोमवारी न्यायची. गाडीनं पाच-सहा तास लागतात म्हणं. आम्ही दोघं जाणार सोडायला. मलाबी समुद्र बघायचाच हाय एकदा. पण तिच्याशिवाय दुकान कसं लागतंय कुणास ठाऊक. ह्या आठ दिवसांत सवय झाली.”

“तिला रोज फोन करा, काका.”

“ते करणारच की. ठेवतो. डोळ्यात काहीतरी गेलंय.”

सुमेधानं संगणकावर यादी उघडून पाहिली. देवगड, सागरी उपकरणं, दुसऱ्या फेरीत सुटलेल्या जागा: एक. सोडणाऱ्याचं नाव अशा यादीत नसतं. ते मूल बार्शीचं असेल, वाशीमचं असेल. समुद्राची हातात आलेली जागा त्यानं कुठल्या तरी दुसऱ्याच गोष्टीसाठी सोडून दिली होती, मिळेल की नाही याची कसलीही खात्री नसताना.

आई पाण्याचा तांब्या घेऊन आत आली. “काय झालं? लागलं का मगदुमांच्या पोरीचं?”

“लागलं. कुणीतरी जागा सोडली, आई. अगदी एकच. कुठल्या तरी गावात आणखी एखाद्या मुलाला कुणीतरी समोर बसवून सगळं सांगू दिलं असणार.”

“असेल,” आई म्हणाली. “त्याचं काय झालं असेल गं?”

“कळणार नाही आपल्याला.”

आईनं तांब्या टेबलावर ठेवला. समोरचा मुलगा त्या दोघींकडे आळीपाळीनं बघत होता. सुमेधानं स्टूल बाजूला सारलं, अप्पांच्या खुर्चीत बसली आणि ती टेबलाजवळ ओढून घेतली.

“हं,” ती मुलाला म्हणाली, “तुझं ठरलं का, सांगायचंय की नाही?”